किल्लीची ओळख पटताना

मोटारीची किल्ली दीर्घकाळ केवळ एक आकार होती. पितळेच्या कोऱ्या पट्टीवर कानशीने योग्य जागी योग्य खोलीच्या खाचा पाडल्या की कुलूप फिरे आणि कुलूप फिरले की इंजिन सुरू होई. त्यामुळे शहरांतील चौकाचौकांत बसणाऱ्या किल्लीवाल्यांना, ज्यांत पूर्वी शस्त्रे घडवणाऱ्या शीख सिकलीगर समाजातील कारागीरही आहेत, घराचे कुलूप आणि मोटारीचे कुलूप यांत फारसा भेद करावा लागत नसे. हा भेद इमोबिलायझरने निर्माण केला. किल्लीतील चिपची ओळख पटल्याखेरीज इंजिन चालू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली आणि पुढे भारतीय रस्त्यांवरील मोटारींतही ती रुळली. तेव्हापासून किल्ली हरवते तेव्हा आकार आणि ओळख ही दोन्ही हरवतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या मार्गांनी परत मिळवावी लागतात.

आकाराचा भाग जुन्या विद्येच्या जवळचा आहे. अनेक नव्या किल्ल्यांत खाचा कडेला नसून पात्याच्या सपाट बाजूवर नागमोडी चर कोरलेला असतो. बाजारात तिला ‘लेझर कट’ किल्ली म्हणतात, परंतु तो चर लेझरने नव्हे, तर वेगाने फिरणाऱ्या बारीक कटरने कोरला जातो. हातातील किल्ली साच्यात धरून तिची हुबेहूब नक्कल काढणे सोपे असले, तरी अनुभवी कारागीर ते शक्यतो टाळतो. कारण अनेक वर्षे वापरलेल्या किल्लीची झीजही नकलेत उतरते आणि नकलेच्या नकलेत ती वाढत जाते. म्हणून मोटारीबरोबर मिळालेल्या बिल्ल्यावरील किल्लीक्रमांक उपलब्ध असल्यास त्यावरून मूळ मापे काढून पाते कापले जाते. तो बिल्लाही नसल्यास दाराच्या कुलपात विशिष्ट हत्यार सरकवून आतील पातळ पत्र्यांची उंची एकेक करून वाचावी लागते. हे वाचन डोळ्यांपेक्षा बोटांनी अधिक होते, आणि ज्या पत्रीपाशी शंका येते तिच्यापाशी कारागीर पुन्हा पुन्हा परततो.

ओळखीचा भाग मात्र दिसत नाही. किल्लीच्या प्लास्टिक मुठीत ट्रान्सपाँडर, म्हणजे विचारल्यावर उत्तर देणारी एक लहानशी चिप, बसवलेला असतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. किल्ली फिरवताच त्यातून बहुधा १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्याच क्षेत्रातून चिपला क्षणभर पुरेल एवढी ऊर्जा मिळते. मेट्रोच्या कार्डात बॅटरी नसूनही फाटक उघडते, त्यामागील तत्त्व हेच आहे. त्यानंतर मोटार एक यादृच्छिक संख्या पाठवते, चिप आपल्याजवळील गुप्त संख्येच्या साहाय्याने तिचे उत्तर काढते, आणि मोटारीने स्वतः काढलेले उत्तर त्याच्याशी जुळले तरच इंजिन चालते. ही गुप्त संख्या किती लांब असावी हा केवळ शास्त्रीय प्रश्न नाही. एका प्रचलित चिपमध्ये ती ४० बिटांची होती, म्हणजे तिच्या शक्यता सुमारे १.१ लाख कोटी होत्या. तरीही २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज येथील संशोधकांनी ती संगणकीय बळावर शोधता येते हे दाखवून दिले, आणि अधिक लांब संख्यांची गरज ठळक झाली.

नव्या चिपची मोटारीशी ओळख करून देण्याच्या या कामाला कारागीर ‘प्रोग्रामिंग’ किंवा ‘कोडिंग’ म्हणतात. एक चालू किल्ली हाताशी असेल, तर काही चिपांची सरळ प्रत निघते. अन्यथा डॅशबोर्डखालील सोळा पिनांच्या निदान-जोडणीला यंत्र जोडून, सुरक्षा-क्रमांक देऊन नवी किल्ली नोंदवली जाते. सर्वच किल्ल्या हरवल्या असतील, तर हेच काम कित्येक पटींनी अवघड होते. काही मोटारी अशा वेळी मुद्दाम दहा मिनिटे किंवा अधिक काळ थांबवून ठेवतात, जेणेकरून घाईत असलेल्या चोराला ते परवडू नये. काहींत डॅशबोर्ड उघडून इमोबिलायझरचे युनिट बाहेर काढावे लागते आणि आठ पायांच्या स्मृती-चिपमधील माहिती थेट वाचावी लागते. येथे जाणत्या कारागिराची शिस्त दिसते: तो आधी मूळ माहितीची प्रत राखून ठेवतो आणि मोटारीच्या बॅटरीला चार्जर जोडतो, कारण लेखन अर्धवट असताना दाब घसरला तर युनिटच निकामी होऊ शकते. दुसरी किल्ली पहिली शाबूत असतानाच करून घ्यावी, या सल्ल्याचा खरा आधार दोन्ही कामांतील हा फरक आहे.

हरवलेल्या किल्लीपेक्षा बिघडलेली किल्ली कधीकधी अधिक चकवते, कारण एकाच मुठीत तीन स्वतंत्र किल्ल्या नांदत असतात: पाते, चिप आणि रिमोट. दार दुरून उघडत नसेल, पण इंजिन सुरू होत असेल, तर दोष रिमोटकडे असतो. बहुतेक वेळा २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा सीआर२०३२ हा सेल संपलेला असतो, अन्यथा बटणाखालील स्विचचा डाख तडकलेला असतो. याउलट दार उघडते, स्टार्टर फिरतो, पण इंजिन धरत नाही आणि डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकते, तेव्हा संशय चिपवर किंवा कुलपाभोवतीच्या वेटोळ्यावर जातो. मुठीचे फुटलेले कवच घरीच बदलताना जुन्या कवचात चिकटलेली चिप त्याच्यासह फेकली जाते, हे अशा बिघाडाचे एक साधे कारण आहे. बटणाने सुरू होणाऱ्या मोटारींतही हे तत्त्व टिकून आहे: सेल संपलेली स्मार्ट किल्ली बटणाजवळ किंवा नेमून दिलेल्या जागी धरली, तर अनेक मोटारी तिला ओळखतात, आणि दारासाठी तिच्यातच एक लहान पाते दडवलेले असते.

किल्ली हरवल्यावर नवी मिळवणे हे काम निम्मेच असते. हरवलेली किल्ली निरुपयोगी करणे हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे. जुनी चिप मोटारीच्या नोंदीतून पुसून टाकता येते आणि मग त्या किल्लीने इंजिन चालत नाही, परंतु तिचे पाते दाराचे कुलूप उघडतच राहते. त्यापासूनही संरक्षण हवे असल्यास कुलपातील पत्र्यांची मांडणी किंवा संपूर्ण कुलूप बदलावे लागते. ज्या विद्येने मालकाची अडचण सुटते तिनेच चोराचीही सुटू शकते, म्हणून नोंदणी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय हत्यार न उचलणे हा या व्यवसायाचा पहिला नियम ठरतो, आणि तो पाळणारा कारागीर ग्राहकाचा अपमान करत नसून त्याच्या मोटारीचे रक्षण करत असतो. पोलिसांकडे केलेली गहाळ नोंदही जपून ठेवावी, कारण पुढे मोटार चोरीला गेल्यास विमा कंपन्या सहसा दोन्ही मूळ किल्ल्या मागतात.

काम संपताना काळजी घेणारा कारागीर एक लहानशी गोष्ट करतो. इंजिन सुरू करून दाखवल्यानंतरही तो यंत्र पुन्हा जोडतो आणि मोटारीच्या स्मृतीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत तो आकडा मालकाला दाखवतो. तो आकडा आणि मालकाच्या हातातील किल्ल्यांची संख्या जुळली, तरच किल्ली खऱ्या अर्थाने बदलली असे म्हणता येते.