डेटाबेस सुरूच होत नाही? आधी लायब्ररी तपासा

मायएसक्यूएल नव्याने बसवले, पण ते क्षणात बंद पडते आणि एरर लॉग कोराच राहतो. अशा वेळी घाबरून डेटाचे फोल्डर पुसू नका. लागणारी लायब्ररी यंत्रावर नसेल, तर प्रोग्रॅम लॉग लिहिण्यापर्यंतही पोहोचत नाही.

● खूण : शेअर्ड लायब्ररी उघडता आली नाही, असा टर्मिनलवरचा संदेश, एक्झिट कोड १२७.

● तपास : ‘एलडीडी’ ही कमांड सर्व्हरच्या मूळ फाइलवर चालवा. ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ दिसेल, ती लायब्ररी गायब आहे.

● नेहमीची उणीव : डिस्कवरच्या वाचन-लेखनासाठी लागणारी ‘लिबएआयओ’. रेड हॅट कुळात पॅकेजचे नाव हेच. जुन्या उबुंटूवर ‘लिबएआयओ१’.

● नवी अडचण : उबुंटू २४.०४ मध्ये हे पॅकेज ‘लिबएआयओ१टी६४’ झाले. ३२ बिटांची वेळमोजणी २०३८ मध्ये संपते, त्या तयारीचा हा भाग. लायब्ररीच्या फाइलचे नावही बदलल्याने टारबॉलमधून बसवलेल्या मायएसक्यूएलला ती सापडत नाही. ६४ बिटी यंत्रावर जुन्या नावाची सिमलिंक केली की काम होते.

पॅकेज बसवा, सर्व्हर पुन्हा सुरू करा. या बिघाडात डेटाला धक्का लागलेला नसतो.