पास लॅमिनेट करू नका!

चौकला आमचं झेरॉक्सचं दुकान. काल इमॅजिकाला निघालेलं एक कुटुंब थांबलं. "दादा, हे पास आणि पावत्या पोरं भिजवतात. लॅमिनेट करून द्या."

एक पावती गुळगुळीत होती. मी कडेला नखाने रेघ ओढली, काळी उमटली. थर्मल कागद! यात शाई नसतेच. उष्णतेने कागदच काळा होतो. लॅमिनेशनच्या यंत्रातून पावती अख्खी काळी होऊन बाहेर येते. (नवीन असताना एका गिऱ्हाइकाची मीच घालवली होती. अजून आठवतं!) मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवलीत तरी तीच गत.

त्यापेक्षा लगेच फोटो काढा आणि दोन मोबाइलमध्ये ठेवा. वॉटर पार्कात एक तरी भिजतोच.

पासवर क्यूआर कोड असेल तर घडी जपून घाला. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांसाठी तो काढला. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो, पण कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन शाबूत हवेत. यंत्र कोड ओळखतं ते त्यांवरूनच.



तुमच्याकडचा कागद थर्मल आहे का, कळत नाहीये? कमेंटमध्ये विचारा.