पत्रा वाजला की

रायगडच्या किनाऱ्यावर दिवस तिथीवर चालतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमजोर भरती. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तिथी कळली की होडी कधी काढायची ते कोळी घड्याळ न बघता सांगतो. 1 जूनला मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. समुद्र धोक्याचा खरा, पण त्याचं वेळापत्रक ठरलेलं.

3 जून 2020 च्या दुपारी ते विस्कटलं.

'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आलं. वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर. पत्रे आणि कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ फळाला यायलाच पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे पुढच्या कितीतरी वर्षांचा हिशेबही त्या दुपारी गेला. वादळाचा इशारा मात्र वेळेत मिळाला होता, हजारो लोकांना सुरक्षित जागी हलवलं होतं. खरी अनिश्चितता नंतर सुरू झाली. वीज कधी येणार? पंचनाम्याला कोण, कधी येणार? अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती, त्यात कोरोनाची टाळेबंदी. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं.

अनिश्चिततेची ही टांगती अवस्था शरीराला किती महागात पडते, हे प्रयोगांतून दिसलं आहे. 1970 च्या सुमारास अमेरिकेत संशोधक जे वाइस यांनी उंदरांना विजेचे झटके दिले. झटके सारखेच, पण ज्यांना आधी आवाजाची सूचना मिळे त्यांच्या पोटात अल्सर बरेच कमी झाले. 2016 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी माणसांवर असाच प्रयोग केला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण येई, त्याहून जास्त ताण तो बसण्याची शक्यता निम्मी असताना येई.

अनिश्चिततेच्या जोडीला मोठा आघातही झाला असेल, तर काही जणांच्या मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा, विशेषतः अमिग्डाला, सावध राहते ती राहतेच. हिप्पोकॅम्पस आठवणीला एरवी स्थळकाळ चिकटवतो. आघाताच्या आठवणीत ही नोंद कच्ची राहू शकते. मग साध्या वाऱ्याने पत्रा वाजला तरी छातीत धडधडतं, जणू तीच दुपार पुन्हा आली. काहींची झोप उडते, काही जण सतत आभाळाकडे बघत बसतात. हा भित्रेपणा नव्हे. मोडलेलं वेळापत्रक मन आपल्या परीने जुळवू पाहतं.

म्हणून आपत्तीनंतर पत्रे आणि तांदळाइतकीच गरज तारखांची असते. 'वीज लवकरच येईल' यापेक्षा 'शुक्रवारपर्यंत येणार नाही' हे खरं उत्तर माणसाला जास्त आधार देतं. ठरल्या वेळेचं जेवण, लवकर उघडलेली शाळा, सांगितल्या दिवशीच येणारा तलाठी, हेही उपचारच आहेत. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यांत त्यांना मानाची जागा मिळायला हवी.

महिना उलटला तरी झोप परतली नसेल, तर अंगावर काढू नका. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा मराठीतही बोलते. क्रमांक 14416, दिवसरात्र चालू.