रांगेतली मैफल

परदेशी गेलेल्या मराठी माणसाला सण साजरे करायला शिकवावे लागत नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. बँकेने मला त्या शहरी पाठवले, तेव्हा तिथल्या गणपती-दिवाळीने आणि मित्रांनीच सावरले. पण प्रत्येक रविवार आपल्याच माणसांत काढला, की वर्षे सरतात आणि शहर परकेच राहते.

आम्हां चौघा मित्रांचा हा कोष फोडला तो ‘प्रॉम्स’ने. अभिजात संगीत सामान्यांच्या खिशाला परवडावे म्हणून रॉबर्ट न्यूमन आणि हेन्री वुड यांनी १८९५ मध्ये सुरू केलेला हा उन्हाळी महोत्सव. मूळचे क्वीन्स हॉल १९४१ च्या बॉम्बफेकीत जळाले आणि मैफल रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आली. तिथे वाद्यवृंदापुढची मोक्याची जागा उभ्याने ऐकणाऱ्यांची. तिकीट स्वस्त, मात्र रांगेत तिष्ठायची तयारी हवी.

त्या रांगेत त्यांची सँडविचेस आणि आमची पोळी-भाजी एकत्र निघे. बीथोवन कसा ऐकावा, हे शेजारच्या एका निवृत्त पोस्टमनने समजावले. मी त्याला पुण्यात १९५३ पासून होणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाची, तिथल्या भारतीय बैठकीची हकिगत सांगितली. पुढच्या उन्हाळ्यात त्याने आमच्यासाठी जागा धरली होती!

परदेशी निघालेल्या तरुणांना एवढेच सांगेन : मंडळाची वर्गणी जरूर भरा, पण मित्रांना घेऊन त्या गावच्या एखाद्या रांगेतही उभे राहा.