रुपयाचे चिन्ह आणि त्याचा रचनाकार

बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीवर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, त्यांची प्रतिमा असलेले दहा रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. आपल्यापैकी अनेकांनी ते खर्च न करता घरी जपून ठेवले आहे. ते नाणे एकदा उलटून पाहावे. सिंहमुद्रेखाली दहाच्या अंकाआधी रुपयाचे चिन्ह दिसेल. बँकेच्या काउंटरवर मी हे चिन्ह रोज शेकडो वेळा पाहतो. पण ते कोणी काढले आणि कशातून सुचले, हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. ती माहिती विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे थोडक्यात देत आहे.

२०१० पूर्वी आपण मराठीत 'रु.' आणि इंग्रजीत 'आर एस' ही दोन अक्षरे लिहीत असू. पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका यांचे चलनही रुपयाच. डॉलर, पौंड, येन आणि युरो यांना मात्र स्वतःचे चिन्ह होते. म्हणून केंद्रीय अर्थ मंत्रालयाने मार्च २००९ मध्ये खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. त्यांतून पाच निवडल्या गेल्या आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डी. उदयकुमार यांच्या चिन्हास मान्यता दिली. त्यांना अडीच लाख रुपयांचे पारितोषिक मिळाले.

उदयकुमार हे मूळचे तमिळनाडूतील कल्लकुरिचीचे. चेन्नईत त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली व पुढे मुंबईच्या आयआयटीत व्हिज्युअल कम्युनिकेशनचे शिक्षण घेतले. तेथेच तमिळ मुद्राक्षरांवर त्यांनी पीएच.डी.चे संशोधन केले. 'पराशक्ती' नावाचा तमिळ फाँटही त्यांनी तयार केला. म्हणजे स्पर्धेपूर्वी कित्येक वर्षे हा माणूस अक्षरांचाच अभ्यास करीत होता.

आता चिन्हाची रचना पाहू. रोमन 'आर' या अक्षराची डावीकडील उभी दांडी काढली, तर उरलेला आकार आपल्या 'र' शी जुळतो. त्यावर दोन आडव्या रेषा आहेत. वरची रेषा ही देवनागरीची शिरोरेषा. दोन रेषा आणि त्यांमधील मोकळी जागा यांतून तिरंग्याचा भास होतो. शिवाय गणितातील बरोबरीचे चिन्हही त्यात दिसते. पौंड, येन, युरो यांच्या चिन्हांतही आडव्या रेषा असल्यामुळे हे चलनाचे चिन्ह आहे, हे परक्या माणसालाही उमगते. हाताने ते दोन-तीन फटकाऱ्यांत लिहिता येते.

मान्यता मिळाली म्हणजे काम संपले, असे नव्हते. संगणकात वापरण्यासाठी ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र क्रमांक दिला. २०११ मध्ये ते नाण्यांवर आले आणि २०१२ पासून नोटांवर दिसू लागले. सुरुवातीला आमच्याकडील जुन्या संगणकांवर चिन्हाच्या जागी नुसता चौकोन उमटे आणि ग्राहक विचारीत, "साहेब, हे काय छापलंय?"

विद्यार्थी मित्रांनो, प्रेरणा म्हणजे अचानक चमकणारी वीज, असा आपला समज असतो. येथे तसे घडले नाही. शिरोरेषा आपण पहिलीपासून पाटीवर ओढतो. उदयकुमारांनी ती लक्षपूर्वक पाहिली, आणि पाहण्यामागे त्यांचा अनेक वर्षांचा अभ्यास होता.

येथे एक कबुली देतो. माझ्या पुतण्याचे अक्षर व चित्रकला दोन्ही उत्तम होती. दहावीनंतर त्याने कलाशाखेचे नाव काढले, तेव्हा "चित्रे काढून पोट भरते काय?" असे म्हणून मीच त्याला कॉमर्सचा फॉर्म भरायला लावला. तो आज नोकरीत आहे, पण वही हातात घेत नाही. त्या वेळी मला या क्षेत्राची काहीच माहिती नव्हती. बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला 'यूसीड' परीक्षा देऊन आयआयटीत डिझाइनची पदवी घेता येते. तेथे अनुसूचित जातींसाठी राखीव जागाही असतात. मुंबईच्या जे. जे. मध्येही उपयोजित कलेचे शिक्षण मिळते.

आपल्या घरात एखादे मूल वहीच्या मागच्या पानावर अक्षरे रेखाटत बसत असेल, तर पालकांनी त्याला रागावण्यापूर्वी ते पान एकदा नीट पाहावे, एवढीच विनंती.