गोळीला ‘नको’ म्हणणारा नगरचा मौनी

१९७१ साली देव आनंदचा ‘हरे रामा हरे कृष्णा’ आला आणि आमच्या भिवापुरातले पोट्टे कानावर केस वाढवून फिरू लागले. न्हावी त्याला ‘हिप्पी कट’ म्हणे, मिरचीच्या अडतीवर बसलेली जुनी माणसं सरळ ‘गंजेडी’ म्हणत. आजही हिप्पी म्हटलं की आपल्याला चिलीम आणि गोव्यातल्या अंजुण्याचा किनाराच आठवतो. मला मात्र नगरजवळचं अरणगाव आठवतं.

व्हिएतनामचं युद्ध, सक्तीची सैन्यभरती आणि वडिलांच्या चाकोरीतली नोकरी, या सगळ्याला विटलेली अमेरिकी पोरं, म्हणजेच हिप्पी, १९६७च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत जमली, सुमारे लाखभर. एलएसडीची गोळी घेतली की देव दिसतो, असं त्यांतल्या अनेकांना वाटे. इस्तंबूल-काबूलच्या वाटेनं कित्येक जण भारतात गुरू शोधायला निघाले.

असेच एक गुरू म्हणजे नगरजवळच्या अरणगावचे मेहेरबाबा. त्यांनी १० जुलै १९२५ला मौन धरलं, ते अखेरपर्यंत. बोलायचं ते आधी अक्षरफलकावर, पुढे हातवाऱ्यांनी. १९६५ साली रॉबर्ट ड्रेफस हा अमेरिकी तरुण त्यांच्याकडे पोचला. बाबांनी त्याला ठेवून घेतलं नाही. परत जा, नशा सोड आणि इतरांनाही सोडायला सांग, असं काम दिलं. पुढच्याच वर्षी ‘गॉड इन अ पिल?’ ही त्यांची पुस्तिका निघाली. गोळीतून मिळणारा देव खरा नाही, शरीर-मनाची हानी मात्र खरी, हा तिचा रोख.

बाबांचा विचार पसरण्यात आमच्या नागपूरचाही हात आहे. बाबांची ‘डिस्कोर्सेस’ ही प्रवचनं संपादित केली ती नागपूरचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डॉ. सी. डी. देशमुख यांनी, रिझर्व्ह बँकेचे चिंतामणराव वेगळे. त्या ग्रंथाची नवी आवृत्ती १९६७ सालीच सॅन फ्रान्सिस्कोत निघाली. ‘द हू’ या रॉक बँडचा पीट टाउनशेंड बाबांचा भक्त झाला, त्याच्या ‘बाबा ओ’रायली’ या १९७१च्या गाण्याच्या नावातले ‘बाबा’ हेच. ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे बाबांचं वाक्य गायक बॉबी मॅकफेरिननं एका पोस्टरवर वाचलं आणि १९८८ साली त्याचं गाणं जगभर गाजलं. आज ते टी-शर्टावर दिसतं. ते नगरहून गेलं, हे घालणाऱ्याच्या गावीही नसतं.

बाबा ३१ जानेवारी १९६९ला गेले. त्यांच्या पुण्यतिथीला, म्हणजे अमरतिथीला, मी अरणगावजवळच्या मेहेराबादला गेलो होतो. टेकडीवर छोटी घुमटाची समाधी, खालून दौंड-मनमाड रेल्वे. दुपारी बाराला पंधरा मिनिटांचं मौन सुरू झालं. माझ्या एका बाजूला नऊवारीतली अरणगावची आजी होती, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या वेणीचा एक गोरा म्हातारा. मौन सुटल्यावर तो उठला आणि पंगतीत वाढायला लागला.

चळवळीचा हिशेब आपण तिच्या धुरावरून मांडतो. ज्यांनी नशा सोडली आणि शोध चालू ठेवला, त्यांना त्यात धरतच नाही. माझ्या मते हिप्पींचं टिकलेलं देणं त्यांच्याच खात्यावर जमा आहे.