जुन्या कॅमेऱ्याला नवा रंग

पूर्णा जंक्शनसारख्या गावात आजोबांचा कॅमेरा रंगवायचा म्हटले, की गाड्या रंगवणारा कारागीर आठवतो. द्यावा का त्याच्याकडे? द्या, पण आधी जाणकाराकडून भिंग आणि शटर काढून घ्या.

रंग टिकतो तो खालच्या तयारीवर. उदाहरणार्थ, १९५४ च्या लायका एम-३ कॅमेऱ्याचे वरचे झाकण पितळेचे. त्यावरच्या गुळगुळीत क्रोमवर रंग नीट धरत नाही. क्रोम उतरवून, तेलकटपणा काढून एचिंग प्रायमर मारावा लागतो. मग रंगाचे पातळ हात द्यायचे आणि भट्टीत भाजायचे. उष्णतेने रेणू एकमेकांत गुंफून थर कडक होतो.

कारागिराची पारख सोपी आहे. पितळेच्या तुकड्यावर त्याच्याकडून तसाच रंग चढवून घ्या, ब्लेडने मिलिमीटरभराच्या चौकटी पाडा, चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा. चौकोन सुटले, तर कॅमेरा देऊच नका.